पडद्यावरची संध्याकाळ

त्या दिवसांत कुणीतरी रोज सकाळी माझ्या डोळ्यांत चिमूटभर बारीक वाळू टाकून जाई, असे मला वाटे. जाग आली की ती नसे. तोंड धुताना नसे, जिना चढतानाही नसे. कामाच्या खोलीत येऊन संगणक सुरू केला आणि पडद्यावरची पहिली ओळ वाचली, की ती पापणीच्या आतल्या बाजूला जागी होई, आणि मग दिवसभर माझ्याबरोबर राही. न बोलता, न भांडता, घरात राहायला आलेल्या आणि जायचे नाव न काढणाऱ्या पाहुण्यासारखी.

माझी आत्या डोळे बनवते. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्यासाठी उरलेल्या डोळ्यासारखा दुसरा. त्याने पाहता येत नाही. पाहणाऱ्याला तो खोटा वाटू नये, एवढेच त्याचे काम. दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या आहेत. पहिलीत लोक बसतात. दुसरीत आत्या मेणाचे आकार कोरते आणि पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू शिरांसारखे पसरवते. तिसरीत उत्तरेकडे उघडणारी मोठी खिडकी आहे. तिथे मी बुबुळाचा रंग जुळवतो. चांगल्या डोळ्याचा फोटो पडद्यावर घ्यायचा, त्यातला रंग नीट करायचा आणि शर्टाच्या बटणाएवढी चकती छापायची. पुढे ती चकती डोळ्यात बसवून तिच्यावर पारदर्शक थर चढवणे हे आत्याचे काम.

फोटो खोटे बोलतो, असा आत्याचा ठाम विश्वास. म्हणून आमच्याकडे एक दंडक आहे. माणसाला खिडकीपाशी, उजेडात बसवायचे, पडदा त्याच्या खांद्यालगत ठेवायचा, आणि एक नजर डोळ्याकडे, एक पडद्याकडे टाकत, दोन्ही एक होईपर्यंत रंग हलवत राहायचे. माझ्यासारख्याला हे काम फार सोयीचे. मला चारचौघांत बोलता येत नाही. घरात सगळे मला घुम्या म्हणतात. इथे मात्र माणसाच्या इतक्या जवळ बसूनही बोलण्याची सक्ती नव्हती. मी डोळ्याचा रंग पाहत असे. त्या डोळ्यातून माझ्याकडे कोण पाहत आहे, याचा विचार करण्याची गरज मला कधी पडली नव्हती.

जुना संगणक होता तोवर सारे ठीक होते. मग माझा आतेभाऊ एका सकाळी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला. खालच्या गल्लीत त्याचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे, आणि त्याला लहानपणापासून खटपट्या म्हणतात.

"घुम्या, ह्या सिस्टिमला आता मायबाप उरले नाहीत," तो म्हणाला. "ज्यांनी बनवली त्यांनीच हात वर केलेत. उद्या आत काही घुसलं ना, तर तुझे सगळे डोळे जातील."

"जातील म्हणजे?" आत्याने आतूनच विचारले.

"फोटो गं, आई! तुझे डोळे कुठे जातात? ते कायम आमच्यावर रोखलेले."

दुपारपर्यंत त्याने जुनी ऑपरेटिंग सिस्टिम काढून अगदी वेगळ्या कुळातली नवी बसवली, मला पाच-सहा गोष्टी घाईघाईने दाखवल्या, "सवय होईल रे" असे म्हणून पाठीवर थाप मारली आणि तो गेला.

सवय झाली नाही. जुन्या पडद्यावरची अक्षरे गुबगुबीत होती; ती जागच्या जागी बसून वाचणाऱ्याची वाट पाहत. ही नवी अक्षरे मुंगीच्या पायांसारखी बारीक होती आणि त्यांच्या कडांना वाफ धरल्यासारखी वाटे. एखाद्या ओळीवर नजर ठेवली की ती स्पष्ट होईल, होईल असे वाटत राही, आणि होत मात्र नसे. पांढरा रंग तर रंग राहिलाच नव्हता. तो निव्वळ उजेड झाला होता. संध्याकाळी घरी जाऊन पडलो की मिटलेल्या पापण्यांमागे राखाडी चौकोन तरंगत. ते एकमेकांवरून सरकत, उघडत, मिटत, आणि मी त्यांच्यामधून चालत चालत झोपेच्या काठापर्यंत जाई.

हे मी कुणाला सांगितले नाही. माझ्याआधी आत्याकडे एक मदतनीस होते. त्यांच्याविषयी ती फार जिव्हाळ्याने बोले, पण शेवट ठरलेला असे: "माणूस सोन्यासारखा. पण डोळे थकले आणि मग रंगच कळेना. काय करणार?" ते "काय करणार" माझ्या मनात घर करून बसले होते. जगात ज्या एका खुर्चीवर मी अडखळल्याशिवाय बसू शकत होतो, ती माझ्या डोळ्यांच्या भरवशावर होती. ते दुखतात हे बोललो, तर दुखणे खरे होईल, असे काहीसे मला वाटत असावे. मी गार पाण्याचे हबके मारले. ओला कापूस पापण्यांवर ठेवून पाहिला. खुर्ची मागे घेतली, पुढे घेतली. वाळू तिच्या जागी होती.

मग एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात मला एक छोटा चंद्र सापडला. त्याच्यावर टिचकी मारताच सगळा पडदा हळूहळू पिवळसर झाला. कुणीतरी दूरच्या खोलीत दिवा लावावा आणि त्याचा उजेड दाराच्या फटीतून आपल्यापर्यंत यावा, तसा. झोपेआधी डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून केलेली ती सोय होती. ती सूर्यास्तानंतर आपोआप सुरू होई. मी ती दिवसभर चालू ठेवली.

काय सांगू, कपाळावरची पकड सैल झाली. खिडकीबाहेर सकाळ असे, रस्त्यावर माणसे कामाला निघालेली असत, आणि माझ्यासमोर मात्र संध्याकाळ पसरलेली. त्या उजेडात सगळे डोळे प्रेमळ दिसत. फोटोतली म्हातारी माणसे आत्ताच काहीतरी जुने आठवून थांबल्यासारखी दिसत. पिवळेपणा कमी-जास्त करण्यासाठी एक पट्टी होती. ती मी रोज थोडी पुढे सरकवी. कालची संध्याकाळ आज पुरत नसे. आठवड्याभरात मी सूर्य मावळण्याच्या अगदी शेवटच्या क्षणात जाऊन राहिलो, आणि गंमत अशी, की तिथे राहायला गेल्यावर ती संध्याकाळ मला दिसेनाशीच झाली. मला वाटे, पडदा असाच असतो.

त्याच आठवड्यात बाई आल्या.

त्या पहिलीच्या वर्गाला शिकवत. सहा महिन्यांपूर्वी एका दुखण्यात त्यांचा डावा डोळा काढावा लागला होता. मोठा काळा चष्मा लावून त्या आत आल्या आणि खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीच्या पाठीवर हात फिरवून तिचे अंतर जोखून घेतले. एका डोळ्याने जगाची खोली नीट कळत नाही, हे त्यांच्या त्या हातावरून मला कळले.

"सोमवारी शाळा उघडतेय," आत्या माप घेत असताना त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापिका म्हणतात, तुम्ही यंदा ऑफिसात बसा, हजेरीपत्रकं बघा. मुलं घाबरतील म्हणे. मी म्हटलं, सोमवारी चष्म्याशिवाय येते. तुम्हीच बघा आणि ठरवा."

"मुलं कशाला घाबरतील?" आत्या म्हणाली.

"अहो, सहा वर्षांची मुलं ती. तुमच्या पदराला शाईचा ठिपका असला तरी तास थांबवतात. आधी ठिपक्याचा निकाल, मग बेरीज." त्या हसल्या, आणि मग हसू तसेच चेहऱ्यावर ठेवून म्हणाल्या, "मला ऑफिस नकोय हो. मला तो वर्ग हवाय."

मग त्या माझ्या खोलीत आल्या. खिडकीपाशी बसल्या, चष्मा काढला. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या उजव्या डोळ्याकडे पाहिले आणि नेहमीप्रमाणे नजर चटकन पडद्याकडे नेली. डोळा मधाच्या रंगाचा होता. पडद्यावरचा फोटो मात्र नारिंगीकडे झुकलेला. फोटो खोटे बोलतो, आत्याचा दंडक मला आठवला, आणि मी त्यातला पिवळा काढू लागलो. थोडा काढला. एक नजर डोळ्याकडे, एक पडद्याकडे. आणखी थोडा काढला. त्या शांत बसून होत्या. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. हळूहळू पडद्यावरचा डोळा त्यांच्या डोळ्याच्या जवळ येत गेला, आणि एका क्षणी दोन्ही एक झाले. मला तेव्हा किती शांत वाटले! दोन माणसांनी एकाच वेळी एकच शब्द उच्चारावा तसे.

"झालं?" त्यांनी विचारले.

"झालं," मी पडद्याला सांगितले.

चकती छापून आली तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. आत्याने ती चिमट्यात धरून उजेडाकडे केली.

"जरा थंड वाटतोय का रे?"

"पडद्यावर तंतोतंत जमलाय," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. इतक्या वर्षांत माझ्या पडद्याने तिला कधी फसवले नव्हते. शिवाय रंग एकटा असतो तोवर त्यात काही चुकलेले दिसत नाही. जोडीदाराशेजारी बसल्यावरच कळते. तिने चकती बसवली, वर थर चढवला, घासून चकाकी आणली.

शुक्रवारी बाई आल्या. आत्याने डोळा बसवला, दोन पावले मागे सरली, आणि काहीच बोलली नाही. एरवी या क्षणी ती "हं, आता बघा" असे म्हणते. मी दारात उभा होतो. बाईंच्या उजव्या डोळ्यात मध होता. डाव्या डोळ्यात राख होती; निळसर, ओलसर, पावसाळी सकाळच्या रस्त्याच्या रंगाची. आकार बिनचूक होता, शिरा बिनचूक होत्या, आणि त्या बिनचूकपणामुळेच तो रंग अधिक भयाण वाटत होता. एकाच चेहऱ्यातून दोन वेगळी माणसे पाहत होती.

बाईंनी आरसा हातात घेतला. बराच वेळ धरला.

"एकीकडे ऊन पडलंय, एकीकडे ढग आलेत," त्या म्हणाल्या. आम्हांला बरे वाटावे म्हणून त्यांनी तो विनोद केला, हे स्पष्ट दिसत होते. मग आरसा पालथा ठेवून त्यांनी चष्मा चढवला. "असू दे. ऑफिसातही खिडकी आहे म्हणतात."

"बसा जरा," आत्या म्हणाली. तिने तो डोळा काढून घेतला आणि वाटीत घालून माझ्या खोलीत आणला. आवाज अगदी हळू होता, म्हणजे ती फार रागावली होती. "याच्याकडे बघ. आणि त्याच्याकडे बघ."

मी डोळा तळहातावर घेऊन पडद्याजवळ धरला. पडद्यावर मध, हातात राख. छपाईयंत्र बिघडले का, शाई संपत आली का, असे काहीबाही मनात आले. आणि तेवढ्यात नजर कोपऱ्यातल्या त्या चंद्रावर गेली. मी तो बंद केला.

पडद्यावरची संध्याकाळ एका श्वासात ओसरली. पांढरा उजेड थेट डोळ्यांवर आला, आणि त्या उजेडात, पडद्यावर, माझ्या तळहातावरचाच डोळा होता. तितकाच निळसर. तितकाच परका. मी त्यातला पिवळा काढला नव्हता. माझ्या संध्याकाळचा पिवळा त्यांच्या डोळ्यातून वजा केला होता.

"हे काय होतं?" आत्याने विचारले.

खोटे बोलणे मला जमले असते तर कदाचित बोललो असतो. "माझे डोळे दुखतात," मी म्हणालो. "नवी सिस्टिम आल्यापासून. म्हणून मी ते... पिवळं करून ठेवलं होतं. दिवसभर."

"आल्यापासून? आणि तोंडात काय धरलं होतंस इतके दिवस?"

"मला वाटलं, तू म्हणशील, रंग कळेनासे झाले."

आत्याने वाटी टेबलावर ठेवली. "अरे माझ्या राजा," ती म्हणाली, आणि या हाकेत रागही होता, "डोळे बनवणाऱ्यांच्या घरात डोळे दुखण्याची चोरी? उद्या सुताराच्या घरी उभं राहून जेवाल!" मग खिडकीतून खाली वाकून तिने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "खटपट्या! असशील तसा वर ये!"

बाई दारात येऊन उभ्या होत्या. किती ऐकले होते कोण जाणे. पर्स खांद्याला होती. त्या निघाल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले आणि माझ्या तोंडून, मलाच दचकवेल इतक्या मोठ्याने, शब्द निघाला, "थांबा."

त्या थांबल्या.

"तुमचा रंग चुकला नाही. मी चुकीच्या उजेडात बसलो होतो. रविवारपर्यंत पुन्हा होईल. पुन्हा बसाल?"

"पुन्हा असाच झाला तर?"

मी खिडकीजवळची खुर्ची पुढे ओढली. बाईंनी खांद्यावरची पर्स काढली आणि खुर्चीच्या पाठीला अडकवली.

खटपट्या धापा टाकत वर आला. त्याने खाली वाकून पडद्याचे निरीक्षण केले, त्यावर दोन-तीन चौकटी उघडल्या आणि जीभ चावली.

"घुम्या, तू ह्याच्यावर वाचत होतास? माणूस आहेस की घुबड?"

"का?"

"प्रत्येक स्क्रीनचं एक अंगचं माप असतं. ह्या सिस्टिमनं स्वतःच्या मनानं दुसरंच धरलंय, जवळपासचं. म्हणून प्रत्येक अक्षर थोडं थोडं सांडतंय. तुझे डोळे दिवसभर ते सांडलेलं गोळा करत बसले. दुखतील नाही तर काय!"

"आणि हे तू बसवतानाच बघायचं नसतं का?" आत्याने विचारले.

"राहिलं माझ्याकडून."

"तुझं नेहमीचंच. सगळी खटपट करशील आणि शेवटचा स्क्रू तुझ्या खिशात."

तो मुकाट्याने कामाला लागला. ते माप, म्हणजे रिझोल्यूशन, जागेवर आले, आणि अक्षरांच्या कडांवरची वाफ विरली. मग त्याने अक्षरे मोठी केली, जरा ठसठशीत केली. एक कोरा कागद माझ्याकडून मागून घेतला, तो पडद्याशेजारी धरला आणि पडद्याची प्रखरता उतरवत नेली. "पांढरा हा असा दिसायला हवा, कागदासारखा. तू दिव्याकडे बघत बसला होतास." चंद्राबद्दल तो म्हणाला, "हा वाईट नाही रे. पत्रं लिहिताना खुशाल लाव. फक्त रंगाच्या वेळी त्याला झोपू दे." जाताना त्याने टेबल थोडे फिरवले, पडद्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडू नये इतके.

मी पडद्याकडे पाहिले. वाळू होतीच, सहा-सात आठवड्यांची वाळू एका दुपारी जात नाही. पण ओळीवर नजर ठेवली की ओळ थांबत होती.

बाई खिडकीपाशी बसल्या. चष्मा काढला. डावी पापणी रिकामी, मिटलेली. मी त्यांच्या उजव्या डोळ्याकडे पाहिले आणि या वेळी नजर चटकन काढून घेतली नाही. भीतीच वाटत होती, की काढली तर पुन्हा चुकेन. मध एकसारखा नव्हता. बाहुलीभोवती तो गडद होता, तिथून बाहेर पसरताना पातळ होत गेला होता, आणि अगदी कडेला हिरवट रंगाची एक धूसर रेघ होती. खालच्या बाजूला तिळाएवढा तांबूस ठिपका. मागच्या वेळी या डोळ्यासमोर इतका वेळ बसूनही यातले काही मी पाहिले नव्हते. खिडकीतला उजेड त्या मधात बुडून तळाशी जाऊन बसला होता. मला वाटले, मी कुठल्यातरी दुपारच्या तळ्याच्या काठावर वाकलो आहे आणि पाण्यात कुणीतरी अगदी शांतपणे उभे आहे.

"अहो, पापणी मिटा," पाण्यातले ते माणूस म्हणाले.

मी भानावर आलो.

"केव्हाची बघतेय. तुम्ही पापणीच मिटत नाही. आमची मुलं टीव्हीपुढे अशीच बसतात, तोंडाचा आ करून. तुमचा आ तेवढा नाही."

"सवय आहे," मी म्हणालो.

"वाईट सवय आहे. माझ्या वर्गात नियम आहे, पुस्तकाचं पान उलटलं की सगळ्यांनी डोळे मिटायचे, उघडायचे, आणि खिडकीतून सगळ्यांत लांबची वस्तू शोधायची. जो सर्वांत लांबची सांगेल तो जिंकला. एकदा एकीनं सांगितलं, 'बाई, मला उद्या दिसतोय.'"

"मग?"

"जिंकली ती. दुसरं काय करणार? चला, मिटा."

मी डोळे मिटले. पापण्यांच्या आत ऊब होती, थोडे पाणी आले. उघडले आणि बाहेर पाहिले. समोरच्या इमारतीची गच्ची, त्यापलीकडे झाडांचे शेंडे, त्यापलीकडे दूरवर एक पाण्याची टाकी, आणि तिच्यावर बसलेले काहीतरी. पक्षी असेल, किंवा नुसता वाऱ्याने हलणारा कपडा.

"टाकी," मी म्हणालो.

"मला तिच्यामागचा डोंगर दिसतोय. एका डोळ्यानं," बाई म्हणाल्या. "हरलात."

मग आम्ही तसेच करत राहिलो. मी रंग थोडा हलवी, त्या "पान" म्हणत, आम्ही दोघे डोळे मिटून दूर पाहत असू, आणि मी पुन्हा परत येई. प्रत्येक वेळी परत आल्यावर मला दोन्ही डोळे, त्यांचा आणि पडद्यावरचा, नव्याने दिसत. आणि नव्याने दिसल्यावर त्यांच्यातला फरकही दिसे. हिरवी रेघ पहिल्यांदा फार ठळक झाली. ठिपका एकदा चुकीच्या जागी गेला. चकती छापली ती त्यांच्या समोरच, आणि आत्याने ती चिमट्यात धरून थेट त्यांच्या गालाशी लावली. एक चकती टाकली, दुसरी टाकली. तिसरीला आत्या "हं" म्हणाली. फक्त "हं".

रविवारी दुपारी डोळा बसला. आत्या दोन पावले मागे सरली. मला तिच्या पाठीमुळे बाईंचा चेहरा दिसत नव्हता. फक्त आरसा धरलेला हात दिसत होता, आणि तो हात हळूहळू खाली आला.

"आता बघा" म्हणायचे आत्या विसरली. बाईच म्हणाल्या, "आता बघा हं," आणि माझ्याकडे वळल्या. दोन डोळे होते. मी पाहिले आणि कुठल्या डोळ्याकडे पाहायचे ते मला ठरवता येईना. त्यांनी काळा चष्मा पर्समध्ये टाकला, आत्याचे दोन्ही हात हातात घेतले, आणि त्या जिना उतरून गेल्या. शेवटच्या पायरीवर त्यांनी कठडा धरला, एवढे वरून दिसले. आमच्याकडचे माणूस काम नीट झाले की वर्षभर येत नाही. वर्षाने एकदा येते, चकाकी करून घेते आणि जाते. हे मला नेहमी बरे वाटत असे. त्या दिवशी मी खिडकीत जरा जास्त वेळ उभा राहिलो.

सोमवारी मधल्या सुट्टीच्या सुमारास फोन वाजला. आत्याचे हात मेणाने माखले होते. तिने कोपराने स्पीकर लावला. पलीकडून आधी पोरांचा कल्लोळ आला, मग बाईंचा आवाज.

"ऐकताय ना? मुख्याध्यापिका दारात उभ्या, मी फळ्याशी. पहिल्या बाकावरची एक उठली आणि म्हणाली, 'बाई, तुमचा हा डोळा आळशी आहे का? तो दुसऱ्याच्या मागून वळतो.'"

"मग काय म्हणालात?" आत्याचे हात हवेतच थांबले होते.

"म्हटलं, हो, त्याची सुट्टी अजून संपली नाही. तर ती म्हणते, 'माझी पण नाही संपली!' आणि बसली. मग बेरीज सुरू झाली. मुख्याध्यापिका कधी गेल्या दारातून, मला कळलंही नाही."

"आणि रंग?" आत्याने विचारले. "रंगाचं कुणी काही?"

"रंगाचं? नाही हो. कुणीच नाही."

आत्याने माझ्याकडे पाहिले आणि मेणाच्या हातांनीच फोन माझ्या दिशेने ढकलला. मी मान हलवून नको म्हटले. तिने डोळे वटारले. मी फोनजवळ वाकून घसा खाकरला.

"कोण? घुम्या आहेत का?" बाई म्हणाल्या. "तुमचे डोळे कसे आहेत? दुखतात अजून?"

नाही, असे म्हणायला मी तोंड उघडले.

"थोडे," मी म्हणालो. "दुपारनंतर."

"मग पान उलटा," त्या म्हणाल्या. तिकडे घंटा झाली, पळणाऱ्या पायांचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.